आर्केलॉन : समुद्रासोबत गेलेलं महाकासव

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय एक कासव आहे. साधारण ७.५ कोटी वर्षांपूर्वी ते जगत होतं. त्याचं नाव आर्केलॉन. आजवर सापडलेल्या समुद्री कासवांमध्ये हे सर्वांत मोठं. व्हिएन्नाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात त्याचा एक सांगाडा आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबी सुमारे ४.६ मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या मोटारीएवढी. जिवंतपणी वजन २ टनांच्या पुढे असावं असा अंदाज आहे. चार-पाच म्हशी तराजूत घातल्यावर जेवढं भरेल तेवढं.

पुस्तकांत आर्केलॉन बहुतेक वेळा या आकड्यांपुरतंच येतं. एक चित्र, शेजारी तुलनेसाठी उभा केलेला माणूस, खाली लांबी-रुंदी, आणि विषय संपला. आज आपण थोडं पुढे जाऊ. आपल्यापुढे दोन प्रश्न आहेत. पहिला, नुसत्या हाडांवरून एवढं सगळं कळतं कसं? आणि दुसरा, एवढं दांडगं जनावर टिकलं नाही, पण त्याच्या मानाने चिमुकली म्हणावीत अशी समुद्री कासवं आजही आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. असं का झालं? उत्तर आधीच सांगून टाकतो. आर्केलॉनचा मोठेपणा एकट्या त्याच्या शरीरात नव्हता, तो ज्या समुद्रात राहत होता त्या समुद्राचाही होता. हे कसं, ते आता पायरीपायरीने बघू.

गवताळ प्रदेशात समुद्री कासव

अमेरिकेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. साउथ डकोटा हे राज्य खंडाच्या अगदी पोटात आहे. तिथून कुठल्याही दिशेला निघा, हजार किलोमीटर गेलं तरी समुद्र लागत नाही. गवत, ओसाड टेकड्या, पावसाने चिरत गेलेल्या घळी, असा तो भाग. या राज्याच्या पश्चिमेला शायेन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ १८९५ साली जॉर्ज वीलंड यांना एका प्रचंड कासवाची हाडं सापडली. पुढे वीलंड यांचं नाव झालं ते सायकॅड या वनस्पतींच्या जीवाश्मांसाठी, पण सुरुवातीच्या काळातलं हे कासवही तेवढंच गाजलं. १८९६ साली त्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव ठेवलं 'आर्केलॉन इस्कायरॉस'. दोन्ही शब्द ग्रीक. 'आर्के' म्हणजे आरंभीचं, 'केलोने' म्हणजे कासव, आणि 'इस्कायरॉस' म्हणजे बलवान. तो सांगाडा आज येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात उभा आहे.

तो ज्या खडकात मिळाला त्याला 'पिअर शेल' म्हणतात. शेल म्हणजे काय, तर बारीक चिखल थरावर थर साचून, दाबला जाऊन झालेला पापुद्र्यांचा खडक. एवढा बारीक चिखल वाहत्या पाण्यात बसत नाही. त्याला शांत पाणी लागतं. म्हणजे नुसत्या खडकाच्या पोतावरून आपल्याला कळलं की हा एका शांत पाण्याचा तळ होता. मग त्याच थरांत अमोनाइट सापडतात. अमोनाइट म्हणजे शिंपल्यात राहणारे, आजच्या माकुळांचे दूरचे नातेवाईक. ते फक्त समुद्रात राहत. म्हणजे हे पाणी समुद्राचं होतं.

आणि ७.५ कोटी हा आकडा कुठून आला? या शेलमध्ये अधूनमधून फिकट रंगाचे पातळ पट्टे दिसतात. ती ज्वालामुखीची राख आहे. त्या काळी पश्चिमेकडे ज्वालामुखी धगधगत होते, त्यांची राख वाऱ्याने येऊन समुद्रात पडायची. राखेतल्या खनिजांमध्ये किरणोत्सारी मूलद्रव्यं असतात आणि ती ठरलेल्या वेगाने बदलत जातात. किती बदलली ते मोजलं की राख कधी पडली ते कळतं. कासवाच्या वरची राख आणि कासवाच्या खालची राख मोजली की कासवाचा काळ या दोन तारखांमध्ये बसतो.

खंडाच्या मधोमध समुद्र

म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पोटात समुद्र होता. आणि तो लहानसहान नव्हता. दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातापासून उत्तरेला आर्क्टिकपर्यंत तो पसरलेला होता. लांबी सुमारे ३,००० किलोमीटर, रुंद ठिकाणी रुंदी १,००० किलोमीटरच्या आसपास. आपल्या भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे साधारण काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत समुद्र, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी भूखंडं. भूशास्त्रज्ञ त्याला 'पश्चिम अंतर्गत सागरी पट्टा' म्हणतात. आपण आज त्याला नुसता 'आतला समुद्र' म्हणू.

तो झाला कसा? दोन कारणं एकत्र आली. क्रिटेशस काळात हवामान उबदार होतं, ध्रुवांवर आजच्यासारखे बर्फाचे प्रचंड साठे नव्हते, त्यामुळे जगभर समुद्राची पातळी बरीच वर होती. दुसरं म्हणजे खंडाच्या पश्चिम कडेला पॅसिफिकचा तळ खंडाखाली सरकत होता. त्या रेट्याने पश्चिमेला डोंगर उचलले गेले आणि त्यांच्या मागची जमीन खाली दबली. त्या खोलगट भागात समुद्र शिरला.

हा समुद्र महासागरासारखा अथांग नव्हता. पाण्यात अन्न भरपूर होतं. शिंपले, अमोनाइट, मासे, शार्क. पंख खुरटलेला, पाण्यात बुड्या मारणारा हेस्परॉर्निस नावाचा दातवाला पक्षी. लांब मानेचे प्लेसिओसॉर. आणि सगळ्यांवर वचक ठेवणारे मोसासॉर, म्हणजे घोरपडीच्या जातकुळीतले समुद्री सरडे, काही तर १० मीटरहून लांब. आर्केलॉनचा शेजार हा असा होता.

आपल्याकडे तेव्हा काय होतं, असं मनात आलं असेल. भारताचा तुकडा तेव्हा आशियाला जोडलेलाच नव्हता, तो हिंदी महासागरात एकटा उत्तरेकडे सरकत होता. आणि आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो लाव्हा बाहेर पडला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आर्केलॉन पोहत होतं तेव्हा सह्याद्रीचा दगडसुद्धा तयार व्हायचा होता.

उजवा मागचा पाय

आता परत येलच्या सांगाड्याकडे येऊ. त्याच्याकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट खटकते. उजवा मागचा पाय अर्धवट आहे. मांडीचं हाड आहे, पण त्याच्या खालचा भाग नाही.

जीवाश्मात एखादं हाड नसणं यात नवल काही नाही. मेलेलं जनावर तळाशी पडतं, शार्क लचके तोडतात, प्रवाह हाडं पांगवतो, नंतर लाखो वर्षांनी पाऊस खडक झिजवतो आणि उघडी पडलेली हाडं वाहून जातात. मग हा पाय मेल्यावर गेला की जिवंतपणी?

वीलंड यांनी बघितलं ते उरलेलं हाड. उजव्या मांडीचं हाड डाव्यापेक्षा खुरटलेलं होतं, त्याची वाढ थांबलेली होती. मेल्यानंतर पाय तुटला असता तर दोन्ही मांड्यांची हाडं सारखी असायला हवी होती, कारण वाढ तोवर होऊन गेलेली असते. ज्या पायाला काम उरत नाही त्या पायाचं हाड मागे पडतं. म्हणून त्यांनी निष्कर्ष काढला की हे कासव लहान असताना कुणीतरी त्याचा पाय तोडला, आणि त्यानंतर ते कित्येक वर्षं जगलं, ३ मीटरच्या पुढे वाढलं.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. कारण इथे पुरावा आहे तो नसलेल्या हाडाचा नाही, शेजारच्या असलेल्या हाडाचा. जीवाश्मशास्त्रात बहुतेक वेळा असंच चालतं. पाय कुणी तोडला, मोसासॉरने की शार्कने, ते हाड सांगत नाही. पण जखम झाली, ती भरली आणि जनावर जगलं, एवढं ते ठामपणे सांगतं. जेवढं हाड सांगतं तेवढंच म्हणायचं, ही या शास्त्राची शिस्त आहे.

कवच कुठे गेलं?

कासव म्हटलं की आपल्याला आधी पाठीवरची ढाल आठवते. आता गंमत अशी की जगातल्या या सर्वांत मोठ्या समुद्री कासवाच्या पाठीवर घट्ट ढाल नव्हतीच.

कासवाचं कवच हे गोगलगायीच्या शंखासारखं बाहेरून चढवलेलं घर नसतं. ती त्याची स्वतःची हाडं असतात. पाठीकडे बरगड्या रुंद होत जातात, एकमेकींना भिडतात आणि त्यांची सलग ढाल होते. म्हणून कासव कवचातून बाहेर येऊच शकत नाही, जसे आपण आपल्या छातीच्या पिंजऱ्यातून बाहेर येऊ शकत नाही. हे कसं घडत गेलं याचा एक सुंदर दुवा चीनमधल्या ग्वीझोउ प्रांतात मिळाला, २००८ साली त्याचं वर्णन आलं. ओडोंटोकेलिस त्याचं नाव, वय सुमारे २२ कोटी वर्षं. त्याच्या पोटाकडचं कवच पूर्ण होतं, पाठीकडे मात्र नुसत्या रुंद झालेल्या बरगड्या. म्हणजे कासवांनी आधी पोट झाकलं, पाठ नंतर.

आर्केलॉनमध्ये हा प्रवास काहीसा उलटा झालेला दिसतो. त्याच्या बरगड्या लांब आणि जाड, पण त्यांच्यामध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा. पाठीचा सांगाडा बघितला तर ढालीपेक्षा घराच्या छपराचे वासे आठवतात, कौलं न घातलेल्या. वरून जाड कातडं असावं. पोटाकडे मात्र चार मोठे हाडांचे तुकडे, कडांना बोटांसारखे फाटे फुटलेले, चांदणीच्या आकाराचे.

या तुकड्यांनी एका मोठ्या शास्त्रज्ञाला चकवलं होतं. आर्केलॉनचा जवळचा नातेवाईक म्हणजे प्रोटोस्टेगा. एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८७१ साली कॅन्ससमधल्या फोर्ट वॉलेस या लष्करी ठाण्याच्या परिसरात तो मिळवला आणि १८७२ साली त्याला नाव दिलं. त्यांना हे फाटे फुटलेले मोठे तुकडे पाठीवरचे वाटले. प्रोटोस्टेगा या नावातला 'स्टेगा' म्हणजे छप्पर. पुढच्या अभ्यासकांनी जास्त हाडं तपासून दाखवलं की ते छप्पर नाही, तळ आहे, ते पोटाकडचं कवच आहे. पण एकदा दिलेलं शास्त्रीय नाव नियमाप्रमाणे तसंच राहतं. प्रोटोस्टेगाचं छप्पर त्याच्या नावात उरलं, पाठीवर नाही.

मग कवच हलकं का झालं? जमिनीवर किंवा तळ्यात राहणाऱ्या कासवाला जाड ढाल परवडते. उघड्या समुद्रात दिवसरात्र पोहायचं तर प्रत्येक जास्तीचं हाड वाहून न्यावं लागतं. मजबुती कमी झाली तरी हलकेपणा फायद्याचा ठरतो. आजही समुद्री कासवांच्या पिल्लांमध्ये बरगड्यांच्या मध्ये मोकळ्या जागा असतात, बऱ्याच जातींत त्या वयाबरोबर भरत जातात. आणि आजचं सर्वांत मोठं कासव, लेदरबॅक, त्याच्या पाठीवर तर हाडांचे हजारो छोटे छोटे तुकडे कातडीत बसवलेले असतात, सलग ढाल नसतेच.

आधी मीठ, मग वल्ही

जमिनीवरच्या पूर्वजांपासून समुद्रापर्यंतचा प्रवास कसा झाला, याचं एक छोटं साक्षीदार ब्राझीलमध्ये मिळालं. सांटानाकेलिस. लांबी जेमतेम वीतभर, सुमारे २० सेंटिमीटर. वय साधारण ११ कोटी वर्षं. जपानी संशोधक रेन हिरायामा यांनी १९९८ साली त्याचं वर्णन केलं आणि त्याला आर्केलॉनच्याच कुळात, म्हणजे प्रोटोस्टेगिड कुळात बसवलं.

समुद्रात राहायचं तर पहिली अडचण मिठाची. खारं पाणी पोटात जाणारच, ते मीठ बाहेर टाकायला हवं. समुद्री कासवांच्या डोळ्यांपाशी त्यासाठी मोठ्या ग्रंथी असतात आणि त्यांतून खारट अश्रू वाहतात. कोकणात अंडी घालताना कासवी रडते असं म्हणतात ना, ते हेच. दुःख नाही, मिठाचा निचरा आहे. सांटानाकेलिसच्या कवटीत डोळ्यांच्या खोबणीजवळ या मोठ्या ग्रंथींसाठी जागा दिसते. पण त्याच्या पायांची बोटं अजून सुटी, हलणारी होती. आजच्या समुद्री कासवांसारखं ताठ वल्हं झालेलं नव्हतं. म्हणजे आधी मिठाचा बंदोबस्त झाला आणि वल्ही नंतर आली. समुद्रात जगता येणं ही पहिली पायरी, समुद्रात वेगाने पोहता येणं ही पुढची.

आर्केलॉनपर्यंत येईतो ही वल्ही पूर्ण झालेली होती. बोटांची हाडं लांबलेली, पुढचे पाय प्रचंड.

काय खात होतं?

त्याचं डोकं मोठं आणि निमुळतं होतं, आणि चोच गरुडासारखी पुढून वाकलेली. दात नव्हते. अशा चोचीवरून कठीण कवचाचे, फार वेगाने न पळणारे प्राणी हे त्याचं अन्न असावं, असा तर्क केला जातो. शिंपले, अमोनाइट यांसारखे.

तर्काला आधार हवा. तो मिळाला हजारो किलोमीटर दूर, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये. नोटोकेलोने नावाचं याच कुळातलं एक कासव. त्याच्या पोटाच्या जागी, हाडांबरोबर, शिंपल्यांचे चुरलेले तुकडे मिळाले. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे निदान या कुळातलं एक कासव समुद्रतळावरचे शिंपले फोडून खात होतं हे नक्की. आतल्या समुद्राच्या तळाशी शिंपल्यांना तोटा नव्हता. आर्केलॉनची भूक भागेल असं कोठार तिथे होतं.

मोठं असण्याचे फायदे, आणि किंमत

मोठ्या शरीराचा एक फायदा उघड आहे, शत्रू कमी होतात. दुसरा फायदा उष्णतेचा. मोठं पातेलं हळू निवतं, वाटी लगेच निवते. शरीर मोठं असलं की आतली ऊब टिकते. लेदरबॅक कासवावर हे मोजून बघितलेलं आहे. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीत ७.५ अंश सेल्सिअस पाण्यातल्या लेदरबॅकच्या शरीराचं तापमान २५.५ अंश होतं. सरपटणारा प्राणी, आणि पाण्यापेक्षा तब्बल १८ अंश जास्त गरम! आर्केलॉन तर याच्या दुप्पट वजनाचं. आजवर नोंदलेलं सर्वांत जड लेदरबॅक १९८८ साली वेल्सच्या किनाऱ्यावर मिळालं, ते ९१६ किलो होतं.

आणि असं मोठं होणं फक्त एकदाच घडलं असंही नाही. २०२२ साली स्पेनमधल्या पिरेनीज पर्वताच्या परिसरातून लेव्हिआथानोकेलिस नावाच्या कासवाचं वर्णन आलं. अंदाजे लांबी ३.७ मीटर. तेही क्रिटेशसच्या उत्तरार्धातलं, पण आर्केलॉनच्या कुळातलं नाही. म्हणजे दोन वेगळ्या घराण्यांनी, दोन वेगळ्या समुद्रांत, स्वतंत्रपणे हा आकार गाठला. उबदार, अन्नाने भरलेले उथळ समुद्र असले की कासवं मोठी होऊ शकतात, हा त्याचा अर्थ.

आता किंमत. मोठ्या शरीराला रोज भरपूर खावं लागतं. आणि कासवांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती फार महत्त्वाची आहे.

मोसासॉर आणि प्लेसिओसॉर पाण्यातच पिल्लांना जन्म देत. पोटात पिल्लू असलेल्या प्लेसिओसॉरचा जीवाश्म कॅन्ससमध्ये मिळाला आणि २०११ साली त्याचं वर्णन आलं. त्यांनी जमिनीशी नातं पूर्ण तोडलं. कासवांनी ते कधीच तोडलं नाही. आजचं एकही समुद्री कासव पाण्यात अंडी घालत नाही. अंड्यातल्या जिवाला कवचातून हवा घ्यावी लागते, म्हणून मादीला वाळूवर यावंच लागतं. आर्केलॉनही याला अपवाद मानण्याचं कारण नाही. २ टनांची मादी वाळूत स्वतःला ओढत वर येते आहे, खड्डा करते आहे, असं चित्र आपल्याला उभं करावं लागतं. म्हणजे या जनावराला जगायला दोन गोष्टी हव्या होत्या. पोट भरेल असा समुद्र, आणि त्याला लागून शांत वाळूचा किनारा. दोन्ही एकाच वेळी.

मग ते गेलं कुठे?

बहुतेकांना वाटतं की डायनासोर गेले तेव्हाच, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापातात, आर्केलॉनही गेलं. तसं दिसत नाही. आर्केलॉन थरांमधून त्याच्या काही दशलक्ष वर्षं आधीच नाहीसं होतं. त्याचं सगळं कुळ क्रिटेशस संपेपर्यंत संपलं, पण आर्केलॉनचा शेवट त्यापूर्वीचा.

त्या सुमारास काय चाललं होतं? रॉकी पर्वत उचलला जात होता. समुद्राची पातळी उतरत होती. आतला समुद्र कमी कमी होत गेला, किनारे सरकत गेले, आणि अखेर तो मधून तुटला. ज्या तळावर शिंपले होते तिथे जमीन आली. एका दिवसात किंवा एका पिढीत हे घडलं नाही, लाखो वर्षं लागली. पण ज्या जनावराला इतकं अन्न आणि इतकी जागा लागते, त्याच्यासाठी हळू आटणारा समुद्रही पुरेसा घातक ठरतो. एखाद्या मोठ्या जीवाच्या नाहीसं होण्यामागे एकच कारण असतं असं म्हणता येत नाही, पण आर्केलॉन आणि त्याचा समुद्र यांची ओहोटी बरोबरीने दिसते, हे लक्षात ठेवावं.

आणि टिकलं कोण? लेदरबॅकचे पूर्वज टिकले. आपल्या ऑलिव्ह रिडलेचे, हिरव्या कासवाचे पूर्वज टिकले. ही कासवं जगभरच्या समुद्रांत हिंडणारी, एका समुद्रावर विसंबून नसलेली. बलवान कोण, या प्रश्नाचं उत्तर 'इस्कायरॉस' या नावात आहे. टिकणार कोण, हा प्रश्न वेगळा आहे.

आज जगात समुद्री कासवांच्या ७ जाती आहेत, भारताच्या समुद्रात त्यांपैकी ५ दिसतात. समुद्र आटण्याचा धोका त्यांना नाही. पण ती दुहेरी गरज तशीच आहे, समुद्रही हवा आणि वाळूही हवी. आणि वाळूची एक नाजूक बाजू आहे. समुद्री कासवांत पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरतं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या लहान वयाच्या कासवांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. आर्केलॉनचा समुद्र सरकायला लाखो वर्षं लागली. वाळूचं तापमान काही दशकांत बदलतं आहे. फरक आहे तो वेगाचा.

म्हणूनच रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळाससारख्या गावांत जे काम चालतं त्याकडे हौसेचं काम म्हणून बघू नये. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ सालापासून तिथे ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला सुरुवात केली, गावकरी त्यात उतरले. अंडी सुरक्षित जागी हलवायची, पिल्लं समुद्रात सोडायची. कासवाच्या दोन गरजांपैकी समुद्र आपल्या हातात फारसा नाही. वाळू आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : आर्केलॉनला मान आणि पाय आत घेता येत होते का?*

नाही. आजच्या समुद्री कासवांनाही ते येत नाही. लांब वल्ही आणि मोठं डोकं आत मावेल एवढी जागाच कवचात नसते. जमिनीवरच्या कासवाचा बचाव म्हणजे आत जाणं. समुद्री कासवाचा बचाव म्हणजे आकार आणि पोहणं. येलच्या सांगाड्याचा तुटका पाय हे त्याचंच उदाहरण आहे. पाय आत घेता आला असता तर कदाचित वाचला असता.

*प्रश्न : लेदरबॅक हे आर्केलॉनचं वंशज म्हणायचं का?*

वंशज नाही. नात्याबद्दल अभ्यासकांमध्ये दोन मतं आहेत. एका मताप्रमाणे प्रोटोस्टेगिड कुळ लेदरबॅकच्या शाखेजवळचं आहे, कारण दोघांचं कवच विरळ झालेलं आहे. दुसऱ्या मताप्रमाणे हे कुळ आजच्या सगळ्याच समुद्री कासवांच्या बाहेरचं आहे, आणि विरळ कवच दोघांना वेगवेगळं, स्वतंत्रपणे मिळालं. सांटानाकेलिसची सुटी बोटं इथे महत्त्वाची ठरतात. ते खरंच या कुळातलं असेल, आणि हे कुळ आजच्या समुद्री कासवांच्या आतलं असेल, तर कासवांत वल्ही एकदा नाही, अनेकदा स्वतंत्रपणे तयार झाली असं मानावं लागतं. सारखेपणा नात्यामुळे आहे की सारख्या गरजेमुळे, हा प्रश्न जीवाश्मशास्त्रात सतत येतो.

*प्रश्न : आपल्याकडे, महाराष्ट्रात, कासवांचे जीवाश्म सापडलेत का?*

सापडलेत, आणि तेही मुंबईत. दख्खनचा लाव्हा एका दमात बाहेर आला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात खोलगट जागी पाणी साचायचं, तळी व्हायची, गाळ बसायचा, मग पुन्हा लाव्हा त्याच्यावरून जायचा. लाव्हाच्या दोन थरांमधल्या या गाळात जीवाश्म मिळतात. वरळीच्या टेकडीच्या परिसरातल्या अशाच गाळातून मिळालेल्या कासवाचं वर्णन १८५२ साली झालेलं आहे, म्हणजे आर्केलॉनच्या ४४ वर्षं आधी. मुंबईच्याच आंबोली भागातल्या दगडखाणीतून मिळालेल्या दुसऱ्या एका कासवाला २००३ साली 'सांकुकेमिस' असं नाव मिळालं.

पण ही समुद्री कासवं नव्हेत. ही गोड्या पाण्यातली, मान आत ओढण्याऐवजी बाजूला वळवून कवचाच्या कडेखाली ठेवणाऱ्या गटातली. आकाराने लहान, नावाने अपरिचित. तरी पुढच्या वेळी वरळीहून जाताना एवढं आठवा, की तुमच्या पायाखालच्या काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक तळं होतं, आणि त्यात कासवं होती.